विचारा बिनधास्त: बॉल फुटला, पण वाकला का नाही?

मागच्या अंकात मी हायब्रिड बेरिंगवर, म्हणजे स्टीलच्या रिंगा आणि आत सिरॅमिकचे, बहुतेक सिलिकॉन नायट्राइडचे, बॉल असतात त्या बेरिंगवर, जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते. आपल्या बडोद्यात एवढे लोक त्यावर पत्रं पाठवतील असं वाटलं नव्हतं. एरवी या पानाची झेप शेवंतीवरची कीड आणि इन्व्हर्टरची बॅटरी यापुढे जात नाही. यावेळी सगळं पान याच विषयाला देतोय, बॅटरीवाल्यांनी रागावू नये.

प्रश्न (मकरपुरा जीआयडीसी, स्वतःचं छोटं वर्कशॉप): भाऊ, तुम्ही लिहिलं होतं की सिलिकॉन नायट्राइडचा बॉल बेरिंगच्या स्टीलपेक्षा दुप्पट कडक असतो. आमच्याकडे एका जुन्या स्पिंडलच्या बेरिंगमधून असे बॉल निघाले, मग मुलांना दाखवायला एक एरणीवर ठेवून हातोडा घातला. चार-पाच घाव काहीच झालं नाही, सगळे वा वा करत होते, आणि पुढच्या घावाला एकदम तुकडे, एक तर माझ्या चष्म्यावर. एवढं महाग मटेरियल आणि असं काचेसारखं फुटतं?

उत्तर: आधी चष्मा होता म्हणून देवाला नारळ फोडा, आणि पुन्हा हे करू नका, बॉल तर फोडूच नका. आता ती एरण जरा तिरप्या उजेडात बघा. बॉल ठेवला होता तिथे एक छोटासा गोल खळगा दिसेल, हातोड्याच्या तोंडावर पण दिसेल. म्हणजे पहिले चार-पाच घाव बॉलने खाल्लेच नाहीत, तुमच्या एरणीने आणि हातोड्याने खाल्ले. कडक म्हणजे हेच, समोरच्याला दाबणार आणि स्वतः दबणार नाही. आणि गोची पण तिथेच आहे, कारण स्टील जेव्हा दबतं तेव्हा माराची बरीचशी एनर्जी त्या खळग्यात जिरते, जो दबतच नाही त्याने ती जिरवायची कुठे?

गोल वस्तू सपाटावर दाबली की ती एका छोट्या वर्तुळावर टेकते, त्याचं गणित हाइनरिश हर्ट्झने १८८१ मध्येच करून ठेवलंय, हाच तो रेडिओ लहरीवाला हर्ट्झ. वर्तुळाच्या आत सगळं दाबलेलं, पण त्याच्या काठाच्या जरा बाहेर पृष्ठभाग ताणला जातो. सिरॅमिकला दाब भरपूर चालतो, ताण चालत नाही. तिथे चंद्रकोरीसारखी बारीक भेग पडते, बेरिंगवाले तिला सी-क्रॅकच म्हणतात, नुसत्या डोळ्याला ती दिसत नाही. तुमच्या बॉलला ती बहुतेक पहिल्या दोन-तीन घावांतच पडली असणार, तुम्ही वा वा करत होतात तेव्हा ती आतमध्ये वाढत होती.

किती मोठी भेग पुरते म्हणाल तर हिशोब सोपा आहे. चिवटपणाचा, म्हणजे भेगेला पळू न देण्याचा, एक आकडा असतो, काचेला तो ०.७ च्या आसपास, चांगल्या सिलिकॉन नायट्राइडला ६ च्या आसपास, बेरिंगच्या स्टीलला १५ ते २०, युनिट विचित्र आहे म्हणून सोडून देतो. या ६ च्या हिशोबाने बॉलवर कुठे ८०० मेगापास्कलचा ताण आला तर साधारण १८ मायक्रॉनची भेग पुरे आहे, म्हणजे डोक्याचा केस ७० मायक्रॉन धरला तर त्याच्या पाव जाडीएवढी. तेव्हा काचेसारखा फुटला म्हणालात ते दिसायला खरं, पण काचेपेक्षा आठ-नऊपट चिवट आहे तो. आणि लोक पैसे मोजतात ते हातोडा सोसायला नाही. १० मिलीमीटरचा स्टीलचा बॉल साधारण ४.१ ग्रॅम भरतो, हा १.७ ग्रॅम. स्पिंडल जोरात फिरायला लागला की बॉलला बाहेर फेकणारा जोर तेवढ्याच प्रमाणात कमी, बेरिंग कमी तापतं. शिवाय यातून वीज जात नाही, त्यामुळे इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरमध्ये बेरिंगमधून करंट जाऊन रेस, म्हणजे बॉल फिरतात ती रिंगेवरची वाट, खराब होते ती भानगड टळते. तुमचे बाकीचे बॉल नीट असतील तर डब्यात ठेवून द्या, एकमेकांवर आपटू देऊ नका.

प्रश्न (कारेलीबाग, इंजिनीअरिंगची विद्यार्थिनी, दुसरं वर्ष): काका, आमच्या क्लासमध्ये सांगितलं की मेटलमध्ये डिस्लोकेशन असतात म्हणून ती वाकतात आणि सिरॅमिकमध्ये नसतात म्हणून ती ठिसूळ. मी नोट्समध्ये लिहिलं. मग नेटवर बघितलं तर सिलिकॉन नायट्राइडचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो, आणि त्यात सरळ सरळ डिस्लोकेशनच्या रेघा! परीक्षेत काय लिहू?

उत्तर: बेटा, परीक्षेत काय लिहायचं ते तू ठरव, पण फोटो खोटं बोलत नाहीयेत. असतात. प्रश्न असण्या-नसण्याचा नाहीच, सरकण्याचा आहे.

ज्यांनी हा शब्द पहिल्यांदाच वाचला त्यांच्यासाठी जरा मागे जातो. क्रिस्टलमध्ये अणू रांगेत बसलेले असतात. मेटल वाकतं तेव्हा एक थर दुसऱ्या थरावर सरकतो. अख्खा थर एकदम सरकवायला किती जोर लागेल याचा हिशोब फ्रेंकेलने १९२६ मध्ये मांडला, आणि उत्तर असं आलं की खरं तांबं त्याच्या हजारो पट कमी जोरात वाकतं. म्हणजे गणितात नाही तर समजुतीत घोळ होता. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी वेगवेगळं एकच उत्तर दिलं, की थर एकदम सरकतच नाही.

आपल्याकडची जमिनीवरची पंगत आठव, सुरसागरच्या बाजूच्या एखाद्या वाड्यातली, हल्लीची बुफे नाही. चाळीस पानं मांडलीयेत, लोक खेटून बसलेत, वाढायला सुरुवात होणार इतक्यात एक मामा येतात आणि त्यांना याच ओळीत बसायचंय. चाळीसच्या चाळीस लोक एकदम उठून हातभर सरकतात का? नाही, कडेचा एक सरकतो, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या शेजारचा, सरका हो सरका हो करत ती मोकळी फट ओळीतून चालत जाते आणि शेवटी अख्खी पंगत एका पानाने सरकलेली असते, पण कुठल्याही क्षणी हललेला एकच. ती चालणारी फट म्हणजे डिस्लोकेशन. आणि एका वेळी जितकं अंतर सरकायचं, इथे एका पानाएवढं, त्याला बर्गर्स व्हेक्टर म्हणतात.

मेटलमध्ये हे सोपं का जातं, कारण तिथे इलेक्ट्रॉन सगळ्यांचे सामाईक, वरण एकाच पातेल्यातलं, कोण कोणाच्या शेजारी बसलाय याने कोणाला फरक पडत नाही. सिलिकॉन नायट्राइडमध्ये तसं नाही. प्रत्येक सिलिकॉनने चार नायट्रोजनचे हात धरलेत, प्रत्येक नायट्रोजनने तीन सिलिकॉनचे, आणि तेही ठरलेल्या कोनातच. सरकायचं म्हणजे आधी हात सोडायचा, मग नवीन शेजाऱ्याचा बरोबर त्याच कोनात धरायचा. फट आहे, पण तिला ढकलायलाच प्रचंड जोर लागतो. फट सरकवायला लागणाऱ्या या जोराला पायर्ल्सचं नाव आहे, १९४० च्या त्याच्या कामावरून. साध्या तपमानाला तो जोर इतका मोठा की तेवढा ताण यायच्या आधीच कुठलीतरी १८ मायक्रॉनची भेग पळत सुटते. ही शर्यत आहे ग, भेग आणि डिस्लोकेशन यांची, आणि थंडीत भेगच जिंकते. क्लासमध्ये सांगितलेलं वाक्य या शर्यतीचा निकाल आहे, कारण नाही.

आता मजेचा भाग, जो तुला पुस्तकात बहुतेक एका ओळीत मिळेल. सिलिकॉन नायट्राइडची नेहमीची रूपं दोन, अल्फा आणि बीटा. बीटाचा क्रिस्टल सहा कोनी, पेन्सिलीसारखा. त्याची एक पायरी (पंगतीतलं ते एक पान, म्हणजे बर्गर्स व्हेक्टर) उभ्या दिशेला, म्हणजे पेन्सिलीच्या लांबीच्या दिशेला, फक्त ०.२९ नॅनोमीटर, आणि आडव्या दिशेला ०.७६. डिस्लोकेशनची एनर्जी पायरीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. भागाकार करून बघ, आडवं सरकणं उभ्यापेक्षा जवळपास सातपट महाग पडतं. म्हणून बीटामध्ये डिस्लोकेशन सापडतात ती मुख्यतः पेन्सिलीच्या लांबीच्या दिशेने, तिच्या बाजूच्या सपाट तोंडांवरून सरकणारी. अल्फामध्ये उभी पायरीच ०.५६ आहे, जवळजवळ दुप्पट, म्हणजे एनर्जी पावणेचारपटीच्या आसपास, आणि अल्फा बीटापेक्षा जास्त कडक असतो त्याचं एक कारण हेच देतात.

पण मग समज, एका दिशेला तरी सरकतंय ना, तेवढ्यावर भागेल की? नाही भागत. सिरॅमिकच्या तुकड्यात लाखो कण असतात, प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे. एक कण वाकला तर शेजारच्याशी फट न पडता जुळून राहायला त्याला पाच वेगवेगळ्या स्वतंत्र प्रकारांनी सरकता यायला हवं, ही अट फॉन मिझेसची, १९२८ ची. पेन्सिलीच्या लांबीच्या एकाच दिशेने सरकून स्वतंत्र प्रकार मिळतात फक्त दोन. तीन कमी. नवरात्रात गरब्याच्या गोलात तू फक्त पुढे-मागे होऊ शकतेस, डावी-उजवीकडे नाही, गिरकी नाही, तर दोन टाळ्यांत शेजारणीवर आदळशील, तसंच आहे हे. मला विचारशील तर डिस्लोकेशन सरकायला जड आहेत हे सगळे सांगतात, पण सरकली तरी पुरत नाहीत हे कोणी सांगत नाही, आणि खरी अडचण समजायला ते जास्त महत्त्वाचं आहे.

आणि तुला दिसलेले फोटो? त्यातले बरेचसे हिऱ्याच्या टोकाखालचे असतील. कडकपणा मोजायला १३६ अंशाचा हिऱ्याचा पिरॅमिड दाबतात ना, त्याच्या खाली सगळ्या बाजूंनी एवढा दाब असतो की भेगेला तोंड उघडायला जागाच मिळत नाही. शर्यतीत भेगेचे पाय बांधले की साध्या तपमानालाही डिस्लोकेशन सरकतात. म्हणून तर ठसा उरतो. तुझ्या लॅबमध्ये हा पिरॅमिड दाबणारं विकर्सचं मशीन असेल तर कुठल्याही चांगल्या सिरॅमिकवर ठसा घेऊन बघ, मध्ये नीट चौकोनी खळगा आणि चारी कोपऱ्यांतून निघालेल्या भेगा. खळगा म्हणजे कायमचा बदललेला आकार, भेगा म्हणजे ठिसूळपणा, दोन्ही एकाच जागी.

प्रश्न (दांडिया बाजार, आजी, वय वर्षं ७८): माझी लोणच्याची चिनी मातीची बरणी मागच्या महिन्यात फुटली, सासूबाईंच्या वेळची होती. ती वाकली का नाही असं कोणी विचारलं नाही हो. तुमचा हा बॉल आणि माझी बरणी एकाच मातीची का?

उत्तर: आजी, बरणीचं फार वाईट वाटलं. जात एकच, माती वेगळी. तुमच्या बरणीत माती, गारगोटीची पूड आणि फेल्डस्पार असं भाजून त्यातलं काही काचेसारखं झालेलं. बॉलमध्ये माती अजिबात नाही, जवळजवळ सगळं सिलिकॉन आणि नायट्रोजन. हा पदार्थ पहिल्यांदा बनवल्याची नोंद १८५७ ची, देव्हिल आणि व्योलर यांची. निसर्गात तो अगदी क्वचित, उल्कांमध्ये सापडलाय. बॉल बरणीपेक्षा पुष्कळ चिवट असतो कारण त्यात बीटाचे लांब लांब कण एकमेकांत काड्यांसारखे गुंतलेले असतात, भेगेला सरळ जाता येत नाही, मांडवीच्या पोळात, त्या अरुंद गल्लीत, रिक्षा शिरली की कशी दर दहा पावलांवर वळते आणि शेवटी अडकते, तसं. बरणीत भेगेला सरळ हमरस्ता.

प्रश्न (मांजलपूर): स्टील तापवलं की वाकतं. हे सिरॅमिक तापवून वाकवता येईल का?

उत्तर: येतं, पण वाकतंय कोण हे बघण्यासारखं आहे.

उत्तरायणाच्या आधी घरी शेंगदाण्याची चिक्की करता ना? गुळाचा पाक गरम असेपर्यंत ती लाटता येते, दुमडता येते, कापता येते, आणि गार झाली की कडकन तुटते. लाटताना दाणा चपटा होतो का? नाही, दाणा तसाच, मधला पाक मऊ असल्यामुळे दाणे एकमेकांवरून सरकतात. सिलिकॉन नायट्राइडचं हुबेहूब हेच आहे. त्याची नुसती पूड भाजून घट्ट होत नाही, म्हणून त्यात इट्रिया, अ‍ॅल्युमिना असल्या ऑक्साइडची थोडी पूड घालतात, भट्टीत तिचा पाक होतो, कण त्यात जमतात, आणि गार झाल्यावर कणाकणांच्या मध्ये काचेचा एक पापुद्रा राहतो, साधारण १ नॅनोमीटर जाड, म्हणजे अणू मोजून चार-पाच. हजार अंशांच्या आसपास किंवा जरा पुढे, कुठली पूड घातली होती त्यावर अवलंबून, हा पापुद्रा मऊ पडायला लागतो आणि कण सरकतात. कणांच्या आतली डिस्लोकेशन सहजपणे चालायला लागतात ती त्याच्याही बरीच वर, दीड हजार अंशांच्या पुष्कळ पुढे, तोवर पाकाने काम उरकलेलं असतं.

याचा कळस जपानच्या फुमिहिरो वाकाई आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९० मध्ये केला. सिलिकॉन नायट्राइड आणि सिलिकॉन कार्बाइडचं अगदी बारीक कणांचं मिश्रण १६०० अंशाला हळूहळू ओढलं आणि ते लांबीच्या दीडपटीहूनही जास्त ताणलं गेलं, म्हणजे १ सेंटिमीटरचं अडीचच्या वर. च्युइंगगमसारखं. कण जेमतेम बदलले, सरकले.

पण भट्टीत किंवा टर्बाइनमध्ये पार्ट वापरणाऱ्याला ही डोकेदुखी आहे, कारण त्याला पार्ट वाकायला नकोच असतो, तिथे लोक उलट हा पाक कमी कसा करायचा, किंवा त्याचा काचेऐवजी क्रिस्टल कसा करायचा याच्या मागे असतात. म्हणजे पाक घातल्याशिवाय बनत नाही आणि घातला की तापल्यावर दगा देतो. गूळ कमी घातलेली चिक्की ज्यांनी केलीय त्यांना हे सांगायला नको.

प्रश्न (कारेलीबागचीच ती विद्यार्थिनी, दुसऱ्या मेसेजमध्ये): मग काका, साध्या तपमानाला वाकणारं सिरॅमिक कुठे आहेच नाही का?

उत्तर: आहेत की. मॅग्नेशियम ऑक्साइडचा एकच मोठा क्रिस्टल असेल तर तो साध्या तपमानालाही थोडा वाकतो, तिथे पकड आयनांची, म्हणजे विजेचा भार असलेल्या अणूंची, असते, हातात हात घालून कोन धरलेली नाही. खडेमिठाच्या क्रिस्टलचं तर जुनं गाजलेलं आहे, कोरडा असताना तुटतो आणि पाण्यात बुडवून वाकवला तर वाकतो, योफे नावाच्या शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी दाखवलेलं, पाणी पृष्ठभागावरच्या भेगा विरघळवून टाकतं, म्हणजे पुन्हा तेच, भेगेचे पाय बांधले. पण माझा आवडता किस्सा झिंक सल्फाइडचा. २०१८ मध्ये जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या ओशिमा, नाकामुरा आणि मात्सुनागा यांनी त्याचा क्रिस्टल दाबला, दिव्याच्या उजेडात तो पटकन तुटला, आणि पूर्ण अंधारात दाबला तर ४५ टक्के दबला तरी तुटला नाही. उजेडामुळे सुटे झालेले इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेल्या रिकाम्या जागा) डिस्लोकेशनला जाऊन चिकटतात आणि तिचं सरकणं जड होतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून खोलीतला दिवा बंद करून बसलो होतो, काही कारण नव्हतं, उगाच.

सिलिकॉन नायट्राइडला मात्र अंधार उजेड काही फरक पाडेल अशी आशा ठेवू नकोस, तिथली पकड जात्याच घट्ट.

चूक कबूल (अलकापुरीच्या एका वाचकांनी पकडलेली): मागच्या अंकात मी लिहिलं होतं की सिलिकॉन नायट्राइड १९०० अंशाला वितळतं. वितळत नाही. साध्या दाबाला त्याच्या आसपास ते पातळ न होता सरळ फुटून सिलिकॉन आणि नायट्रोजन असे वेगळे होतात, आणि म्हणूनच याला स्टीलसारखं वितळवून साच्यात ओतता येत नाही, पूड दाबून भाजावंच लागतं, तेही वरून नायट्रोजनचा दाब देऊन, म्हणजे आतला नायट्रोजन पळून जाणार नाही. त्या वाचकांनी पत्राच्या शेवटी लिहिलंय की एवढ्या साध्या गोष्टीत चूक कशी केलीत. घाईत केली हो, उत्तरायण होतं, गच्चीवरून हाका येत होत्या.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कुठलं घालायचं ते पुढच्या अंकात.